काटा कोणाच्या हाती? लॅनार्कच्या बाजाराची गोष्ट



स्कॉटलंडमध्ये लॅनार्क नावाचे एक बाजाराचे गाव आहे. ग्लासगो या मोठ्या शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर, क्लाइड नदीच्या काठच्या उंचवट्यावर ते वसलेले आहे. वस्ती आठ-नऊ हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आठवडी बाजाराच्या गावाएवढी. कापसाची वेचणी तोंडावर आलेली असताना या परमुलखातल्या गावाची कथा कशाला, असे कोणी विचारील. विचारायलाच पाहिजे. आमचे उत्तर असे, की या गावाकडे एके काळी साऱ्या देशाचे वजन सांभाळायला दिले होते, आणि तरीही त्या देशातला शेतकरी काट्यावर नागवला जात होता. हे कसे घडले ते कळले, की आपल्या बाजारात काय घडते तेही कळेल.

लॅनार्कचे नाव आम्हाला पहिल्यांदा भेटले ते कृषी महाविद्यालयात, सहकाराच्या धड्यात. रॉबर्ट ओवेन, न्यू लॅनार्कची सूतगिरणी, सहकाराचा जनक. एवढीच ओळ होती आणि परीक्षेत दोन मार्कांची टीप होती. त्या गिरणीपासून मैलभर चढावर एक जुने बाजाराचे गाव आहे, तिथे शेकडो वर्षे शेतकरी आपला माल आणून विकत आला, हे पुस्तकात नव्हते. पुस्तकात गिरणी असते, बाजार नसतो. शेतकरी तर नसतोच.

राजाची सनद आणि बांधलेला शेतकरी

सन ११४० च्या सुमारास डेव्हिड पहिला या राजाने लॅनार्कला बाजारगावाची सनद दिली. अशा गावाला तिकडे 'रॉयल बर्ग' म्हणत. सनद म्हणजे काय, तर भोवतालच्या मुलखातल्या कुळाने लोकर, कातडी, धान्य जे काही विकायचे ते या गावच्या बाजारात आणून विकायचे. गावात शिरताना जकात द्यायची. चौकात दगडी क्रूस उभा असे, त्याच्याभोवती बाजार भरे. बाजाराची वेळ होण्याआधी किंवा वाटेतच कोणी माल उचलला तर तो गुन्हा. आणि परदेशाशी व्यापार करण्याचा हक्क फक्त अशा सनदी गावांतल्या व्यापाऱ्यांचा. शेतकऱ्याने लोकर कातरायची, व्यापाऱ्याने ती समुद्रापार पाठवायची. मधला भाव व्यापाऱ्याच्या वहीत राहायचा.

सनद देताना कारण मात्र नेहमी चांगलेच सांगितले जाई. एका जागी व्यवहार झाला की लबाडी होत नाही, वजनमाप तपासता येते, चोरीचा माल ओळखता येतो. यात खोटे काही नव्हते. पण खरे कारण वेगळे होते. एका जागी व्यवहार झाला की राजाला वसुली सोपी जाते आणि व्यापाऱ्याला विकणारा बांधून मिळतो. ज्याला दुसरीकडे जाण्याची वाट नाही, त्याला भाव विचारायचे कारणच काय?

ही भाषा आपल्या कानांना नवी नाही. १९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हाही शेतकऱ्याचे भले हेच कारण सांगितले होते. पुढे शेजारच्या राज्यात भाव चढला की आपल्याच कापसाला राज्याच्या सीमेवर अडवायला नाकी बसली. आपल्या वावरात पिकवलेला माल आपणच रात्री चोरासारखा नेण्याची पाळी आली. ती योजना आता इतिहासजमा झाली. लॅनार्कसारख्या गावांचा मक्ता १६७२ च्या कायद्याने बराच सैल झाला आणि १८४६ साली पुरता मोडला. ११४० ते १८४६, म्हणजे सातशे वर्षे झाली. मक्ता द्यायला एक सही पुरते. तो मोडायला वीस-पंचवीस पिढ्या लागतात.

लॅनार्कचा दगड

आता वजनाची गोष्ट. स्कॉटलंडमधल्या मुख्य चार बाजारगावांची एक सभा होती. व्यापाराचे नियम आणि तंटे तिच्यापुढे येत. १३६९ च्या सुमारास दोन जुनी गावे इंग्रजांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांच्या जागी लॅनार्क आणि लिनलिथगो यांना घेतले. बाकीची दोन एडिंबरो आणि स्टर्लिंग. पुढे देशाची प्रमाण मापे याच चार गावांकडे सांभाळायला होती. लांबीचा गज एडिंबरोकडे, धान्याचे माप लिनलिथगोकडे, पातळ पदार्थांचे माप स्टर्लिंगकडे, आणि वजन लॅनार्ककडे. तिकडे वजनाच्या एककालाच 'स्टोन' म्हणजे दगड म्हणतात. लॅनार्कचा दगड सोळा पौंडांचा. आजच्या मापात आठ किलोला थोडा कमी. १६१८ साली सरकारने चौकशी करून हीच मापे पुन्हा पक्की केली आणि बाकीची वजने बंद असे जाहीर केले.

बंद केलेल्या वजनांत मुख्य होते ट्रॉनचे वजन. ट्रॉन म्हणजे बाजारचौकातला सार्वजनिक काटा. त्याच्या नावाने एक वेगळाच पौंड चालत असे आणि तो लॅनार्कच्या पौंडाच्या साधारण सव्वापट भरे. गावोगाव त्यातही फरक. आता यातली मेख पाहा. या भारी पौंडाने काय मोजले जाई? लोकर, लोणी, चीज असा घरचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल. कुळाच्या बाईने लोणी आणले की ते सव्वापट पौंडाने मोजून घ्यायचे, आणि तिने बाहेरून आलेली जिन्नस मागितली की ती हलक्या पौंडाने द्यायची. नाव दोन्हीकडे पौंडच. भावही पौंडाचाच. भांडायचे कशावर?

१६१८ ला बंद झालेले हे वजन त्या वर्षी बंद पडले नाही. पुढच्या वर्षीही नाही. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद एक झाली, तेव्हा करारातच लिहिले की वजनमापे सगळीकडे इंग्लंडची चालतील. तरी ट्रॉन चालूच. अखेर १८२४ चा नवा कायदा १८२६ पासून अमलात आला आणि मग कुठे त्याचे दिवस भरले. म्हणजे कायद्याने बंदी घातल्यावर दोनशे वर्षे ते वजन बाजारात हयात होते. खरे वजन लॅनार्कमध्ये जपून ठेवलेले होते, चोरीला गेले नव्हते, झिजलेही नव्हते. फक्त ते कपाटात होते आणि शेतकरी काट्यापाशी होता. दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही.

कायदा झाला म्हणजे न्याय झाला असे मानणारे लोक आमच्या शिकलेल्या वर्गात फार आहेत. आम्हीही त्यांतलेच होतो. पदवी घेऊन आम्ही खेड्यात आलो तेव्हा झाडाला बोंडे किती, ओळीत अंतर किती, नत्र किती हे सगळे आम्हाला मोजता येत होते. शेतकऱ्याला एकरी वीस किलो जास्त पिकवून दाखवू असा आमचा डौल होता. एका हंगामात आमच्या प्रात्यक्षिकाच्या वावरातला कापूस घेऊन आम्ही शेतकऱ्याबरोबर एका जिनिंगच्या आवारात गेलो. गाडी निघताना रस्त्यावरच्या काट्यावर सहज वजन केले होते, पंधरा क्विंटल. आवारातल्या काट्यावर ती पंधरा क्विंटलला तीस किलो कमी भरली. आम्ही विचारले तर मापाडी म्हणाला, "साहेब, कापूस वाटेत वाळतो." चार कोसांच्या वाटेत तीस किलो! शेतकरी मात्र काही बोलला नाही. परतताना गाडीवर एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही वावरात वाढवता, ते इथं कमी होते. हिशेब बरोबर बसते."

त्या दिवसापासून आम्ही खताच्या गोणीइतकाच काट्याचाही विचार करू लागलो. हिशेब साधा आहे. क्विंटलमागे दोन किलो गेले आणि कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल पिकले, तर एकरी दहा किलो गेले. पाच एकरांत अर्धा क्विंटल. अर्ध्या क्विंटलचा दाम म्हणजे पोरीची वर्षाची पुस्तके आणि बसचा पास. हे पैसे बोंडअळीने खाल्ले नाहीत, पावसाने नेले नाहीत. ते काट्याने खाल्ले.

मैलभर खाली, सूतगिरणी

आता पुस्तकातल्या त्या एका ओळीकडे येऊ. लॅनार्कच्या उतारावर क्लाइड नदीचे धबधबे आहेत. त्या पाण्यावर चाके फिरवून डेव्हिड डेल याने १७८५ साली गिरण्यांची उभारणी सुरू केली आणि पुढच्या वर्षी सूत निघू लागले. कामाला माणसे कुठून आणली? शहरांतल्या अनाथालयांतली पोरे आणली. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून भाकरीसाठी अमेरिकेला निघालेल्या माणसांचे एक जहाज १७९१ साली वादळाने परत फिरले, त्यांतल्या काहींना डेलने काम दिले. शेतातून उठलेला माणूस गिरणीत पोचतो, ही वाट तिकडे अशी पडली.

१८०० सालापासून गिरणीचा कारभार डेलचा जावई रॉबर्ट ओवेन याच्या हाती आला. ओवेनने चांगली कामे केली हे मान्य केलेच पाहिजे. दहा वर्षांखालच्या पोरांना कामावर घेणे बंद केले. १८१६ साली त्यांच्यासाठी शाळा उघडली, तीत मार नव्हता, गाणे होते, नाच होता. वस्तीतले दुकानदार उधारीवर निकृष्ट माल महाग विकत होते. ओवेनने गिरणीचे दुकान काढले, घाऊक माल आणून रास्त दराने विकला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे कामगारांचा खर्च पाव हिश्शाने कमी झाला. दुकानाच्या नफ्यातून शाळा चालली. सहकाराच्या धड्यातली ओळ इथून आली.

त्याची आणखी एक गोष्ट सांगतात. १८०६ च्या सुमारास अमेरिकेने निर्यात रोखली, कापूस बेसुमार महागला. ओवेनने चार महिने यंत्रे बंद ठेवली, पण कामगारांना पूर्ण मजुरी दिली. सुमारे ७००० पौंड खर्च झाले. माणसे त्याच्यावर जीव टाकू लागली यात नवल नाही.

पण आपण कापूस पिकवणारे. आपला प्रश्न वेगळा. त्या गिरणीत येणारा कापूस कोण पिकवत होते? वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तो गुलाम पिकवत होते. डेल स्वतः ग्लासगोतल्या, गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या मंडळाचा अध्यक्ष होता. तोंडाने व्यापाराला विरोध आणि दारात त्याच व्यापाराचा कापूस! त्याला आम्ही ढोंगी म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की गिरणीवाला कितीही भला असला तरी त्याची माया गिरणीच्या फाटकापाशी संपते. सूत काढणाऱ्याला यंत्र बंद असतानाही चार महिने मजुरी मिळाली. कापूस वेचणाऱ्याला यंत्र चालू असतानाही काही मिळाले नाही. दुसऱ्याच्या भलेपणात कापूसवाल्याचा वाटा कधीच नसतो. तो मागून घ्यावा लागतो, आणि एकट्याने मागितला तर मिळत नाही.

या धाग्याचे दुसरे टोक आपल्या दारात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, ब्रिटनच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव आभाळाला भिडले. युद्ध संपले तसे ते कोसळले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८८६ साली कारंज्याला पहिला नियंत्रित बाजार झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आपल्या बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे. त्या कायद्यामागे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे थोडे आणि गिरण्यांना बिनभेसळ कापूस मिळण्याची गरज मोठी होती. आपला बाजारही, लॅनार्कसारखाच, घेणाऱ्याच्या सोयीने बांधला गेला.

लिलावाचे रिंगण

मग लॅनार्कच्या शेतकऱ्याने काही मिळवलेच नाही का? मिळवले. एक गोष्ट तरी मिळवली, आणि ती शिकण्यासारखी आहे.

लॅनार्कच्या वरच्या अंगाला थंड माळ आणि डोंगर. तिथे मेंढ्या आणि गायी यांवरच संसार. क्लाइड नदीच्या खोऱ्यात फळबागा, काचघरातले टोमॅटो. जड शेतकामाचा क्लाइड्सडेल घोडा याच मुलखातला. त्या काळी अशा बाजारगावांत वर्षातून दोनदा सालगड्यांचाही बाजार भरे. गडी रस्त्यावर उभे राहत, शेतकरी मजुरी ठरवी आणि हातावर एक नाणे ठेवी. नाणे घेतले की सहा महिने बांधलेला. आपल्याकडे पाडव्याला सालदार ठरतो आणि इसार दिला जातो, अगदी तसेच. माणसाचा इसार तिकडे बंद झाला. जनावरांचा बाजार राहिला, पण त्याची रीत बदलली.

पूर्वी दोघे कानात बोलून सौदा करीत. एकोणिसाव्या शतकात लिलावाचे रिंगण आले. गोल आखाडा, भोवती पायऱ्यांवर घेणारे. शेतकरी आपली मेंढरे घेऊन स्वतः आखाड्यात उभा राहतो. बोली उघड, सगळ्यांच्या कानावर पडणारी. कत्तलीच्या जनावराचे वजन सगळ्यांसमोर फलकावर दिसते. भाव पटला नाही तर मालक जनावर परत नेतो. पैशाची जबाबदारी लिलाव करणाऱ्या कंपनीवर, घेणाऱ्याच्या मागे फिरावे लागत नाही. मोठ्या पैदाशी नराची बोली अजून गिनी या जुन्या नाण्यात होते. एक गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स. सौदा झाल्यावर विकणारा घेणाऱ्याच्या हातावर शुभशकुनाचे चार पैसे परत ठेवतो. ही रीत आजही आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच लॅनार्कच्या रिंगणात टेक्सेल जातीचा 'डबल डायमंड' नावाचा एक मेंढा ३,५०,००० गिनींना म्हणजे ३,६७,५०० पौंडांना गेला. तीन कळपवाल्यांनी मिळून घेतला. जगातला विक्रम ठरला.

या आकड्याने कोणी भुलू नये. विक्रम एका मेंढ्याचा असतो. डोंगरातल्या साध्या मेंढपाळाचा ताळेबंद आजही सरकारी अनुदानावाचून जुळत नाही. तिथेही शेती हा सुखाचा धंदा नाही. पण आपल्याकडे एके काळी कापसाचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून होत असे. विकणारा शेजारी उभा, आणि भाव त्यालाच कळत नसे. रुमाल गेला, तरी त्याची सावली अजून आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र कोणाच्या हातात असते? त्यावरचा आकडा शेतकऱ्याला दिसतो का? आठ टक्क्यांवर एकेक टक्क्याला भाव कापला जातो, तो कोणाच्या वाचण्यावर? ट्रॉनचा पौंड मेला, पण त्याची औलाद आता विजेवर चालते.

शिवेचे दगड

शेवटी लॅनार्कच्या जत्रेची गोष्ट सांगून संपवतो. दर जूनमध्ये गावाचा एक आठवडा असतो, त्याला 'लॅनिमर' म्हणतात. सनदेत अशी अट होती, की गावाच्या शिवेचे दगड दरवर्षी जाऊन पाहायचे. दगड हलला नाही ना, कोणी सरकवला नाही ना, हे पाहून यायचे. राजा गेला, सनद निव्वळ कागद राहिली, पण गाव अजून शीव चालते. गुरुवारी मिरवणूक निघते, पोरांतली एक राणी होते, वाजंत्री वाजते. बघ्यांना ती जत्रा दिसते. आम्हाला त्यात शहाणपण दिसते. दगड एकदा रोवला म्हणजे कायमचा रोवला, असे त्या लोकांनी मानले नाही. दरवर्षी पायांनी चालून, हातांनी चाचपून पाहिले.

त्यांच्या पूर्वजांनी शिवेचे दगड दरवर्षी पाहिले आणि वजनाचा दगड मात्र कपाटात ठेवला. शीव टिकली, वजन बुडाले. शीव व्यापाऱ्याची होती, वजन शेतकऱ्याच्या कामाचे होते. ज्याची वस्तू त्यानेच पाहावी लागते.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. दसऱ्यानंतर पहिली गाडी बाजारात जाण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या पाच-दहा जणांनी मिळून एक दिवस काटे पाहायला निघावे. बाजार समितीचा, जिनिंगचा, खेडा खरेदीवाल्याचा, कोणताही काटा सोडू नये. बरोबर पडताळणीचे शिक्के असलेली वीस-वीस किलोची वजने घ्यावी. मोठ्या काट्यावर एकच भरलेली गाडी दोन ठिकाणी मोजून पाहावी. काट्यावर यंदाचा पडताळणीचा शिक्का आहे का ते पाहावे. ओलाव्याचे यंत्र शेतकऱ्याला दिसेल असे ठेवायला सांगावे. सापडलेला फरक गावाच्या फळ्यावर लिहावा आणि वजनमापे खात्याकडे लेखी द्यावा. भांडण करायचे नाही. पाहायचे, लिहायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचे. मायबहिणींनी यात पुढे असावे. कापूस त्यांनी वेचला आहे, किती वेचला ते त्यांच्या कमरेला पक्के ठाऊक आहे.

यात क्रांती नाही, घोषणा नाही. एक दिवसाचे काम आहे. पण लॅनार्कच्या शेतकऱ्याने हे काम १६१९ साली केले असते, तर त्याचे लोणी दोनशे वर्षे सव्वापट पौंडाने गेले नसते. आपण किती वर्षे थांबायचे, ते बैठकीत ठरवू.